रिपोर्ट आला, सोबत कोण येणार?

जालन्याहून भोकरदनकडे जाताना राजूरच्या गणपतीनंतर केदारखेडा लागतं. पूर्णा नदीच्या भागातलं हे शेतकरी गाव. अशा गावांमध्ये अधूनमधून हाडांच्या मोफत तपासणीचं शिबिर भरतं. मशीनमध्ये टाच ठेवायची, काही मिनिटांत आकडा येतो, हातात कागद पडतो. तपासणीला रांग लागते. त्या कागदाचं पुढे काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. बहुतेक घरांत तो रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या पिशवीत जातो आणि तिथेच राहतो.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. आत्या सदुसष्ट वर्षांची, केदारखेड्यात राहणारी, शेतात आणि गोठ्यात राबलेली. भाची जालन्यात नर्स आहे. दोघीही खऱ्या व्यक्ती नाहीत, पण त्यांचे मुद्दे खरे आहेत आणि दोन्ही बाजूंमध्ये दम आहे. आत्याला अडाणी समजून हा लेख वाचू नये, ही वाचकांना विनंती.

भाची: आत्या, शिबिर होऊन दोन महिने झाले. कागदावर उणे २.८ लिहिलंय. दवाखान्यात दाखवलंस का?

आत्या: कामून दाखवू? मला काही दुखत नाही. सकाळी म्हशीची धार काढते, दुपारी कापसात जाते, चतुर्थीला राजूरच्या पायऱ्या चढून गणपतीचं दर्शन घेते. हाडं ठिसूळ असती तर हे जमलं असतं का?

भाची: जमतं, आत्या. या दुखण्यात अवघड आहे ते हेच. हाड विरळ होताना दुखत नाही, सूज येत नाही, ताप येत नाही. मोडल्यावरच कळतं. आपलं जुनं माळवदाचं घर आठव. दरवर्षी पावसाळ्याआधी तू आणि आजी वर पांढरी माती टाकायच्या. पावसानं जेवढी वाहून जायची तेवढी पुन्हा भरायची, म्हणून छत टिकायचं. हाडाचं तसंच आहे. जुनं झिजून निघतं, नवीन भरत राहतं. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं निघून जाणं फार वाढतं आणि भर कमी पडते. खाली बसलेल्या माणसाला छत गळेपर्यंत काही समजत नाही.

आत्या: पण मी काम करते ना. काम करणाऱ्याची हाडं घट्ट असतात, असं तुम्हीच शिकलेली माणसं सांगता.

भाची: ते खरंच आहे. चालण्यानं, वजन पेलण्यानं हाडाला बळ मिळतं, आणि तुह्या कामाचा तुला फायदा झालेला आहे. पण पाळी गेल्यावर होणारी झीज एकटं काम भरून काढू शकत नाही. आणि वाकून घागर उचलणं, पोतं ओढणं हे विरळ झालेल्या मणक्याला सोसत नाही. मला एक सांग, फडताळातला वरचा डबा आता तुला पुरतो का?

आत्या: नाही. दोन-तीन वर्षं झाली, सूनबाईला काढायला सांगते. पातळही खाली लोळतं म्हणून कमरेला जास्त खोचते. वय झालं की माणूस आटतंच.

भाची: थोडं आटतं. पण उंची चार सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त कमी झाली, पाठीला बाक आला, तर मणका दबून मोडलेला असू शकतो. मणक्याचे असे फ्रॅक्चर बहुतेक वेळा कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. बाई म्हणते कंबर भरली, घरचे म्हणतात वय झालं. तुह्या बाबतीत टाचेच्या आकड्यापेक्षा मला या डब्याची जास्त काळजी वाटते.

आत्या: काळजी तुला वाटते, पण त्या शिबिरातल्या माणसाला कसली काळजी होती ते मी पाहिलं. आकडा आल्या आल्या त्यानं गोळ्यांचे डबे टेबलावर मांडले. ज्याचं मशीन त्याच्याच गोळ्या. ज्याला विकायचं आहे त्याच्या मशीनमध्ये कुणाची हाडं चांगली निघणार?

भाची: हा संशय तू सोडू नकोस. तो बरोबर आहे. टाचेवरचं ते मशीन ध्वनिलहरींचं असतं. कुणाला पुढची तपासणी करायला हवी हे चाळण्यापुरतं ते ठीक आहे. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं विरळ होण्याचा आजार, ही मोजपट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९४ मध्ये मांडली. ती लागू होते डेक्सा नावाच्या तपासणीला. त्यात क्ष-किरणांनी खुब्याची आणि कमरेच्या मणक्याची घनता मोजतात. टाचेच्या आकड्याला ती पट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणजे तुह्या कागदावर तुला आजार आहे असं सिद्ध झालेलं नाही. पुढे बघा, एवढंच तो कागद सांगतो.

आत्या: बघ! मग मी कागद बाजूला ठेवला ते बरोबरच केलं.

भाची: टेबलावरच्या गोळ्या घेतल्या नाहीस, ते बरोबर केलंस. पण संशय आला तर दुसरीकडे विचारायचं असतं. तू विचारणंच सोडून दिलंस. त्या माणसानं चुकीचं विकलं असेल, म्हणून तुझी हाडं चांगली आहेत असं होत नाही.

आत्या: विचारायचं कुणाला? तुला ठाऊक नाही असं नाही. चौतिसाव्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली. पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. खाजगी दवाखान्यात नेलं. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल म्हणाले. तुह्या फुफाजींनी दोन तोळे मोडले. गोळ्यांनी बरं होतं का, हे कुणी सांगितलं नाही. आता म्हातारपणी पुन्हा कागद दाखवून भीती घालतात. भीती घालून पैसे काढणारे मी एकदा पाहिले, बाई. दुसऱ्यांदा नाही.

भाची: तुझा राग रास्त आहे आणि तू एकटी नाहीस. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. जवळपास सहातली एक. त्यात कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. मराठवाड्यातल्या बाईनं दवाखान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असं मी म्हणणार नाही.

पण आत्या, तेच ऑपरेशन आज तुह्या हाडांपर्यंत पोचतं. पिशवीबरोबर तुझी अंडाशयं काढली होती का?

आत्या: मला काय माहीत? कुणी सांगितलंच नाही. ऑपरेशननंतर अंगातून वाफा निघायच्या, रात्रभर घाम यायचा, एवढं आठवतं.

भाची: त्या वाफा म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम खाली गेल्याची खूण असू शकते. हे संप्रेरक अंडाशयात तयार होतं आणि हाडाची झीज ते धरून ठेवतं. अंडाशयं काढली तर ते त्याच दिवशी तुटतं. नुसती पिशवी काढली तरी पुष्कळ जणींची अंडाशयं लवकर थकतात. आपल्याकडे पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. तुझी झीज चौतिसाव्या वर्षी सुरू झाली असेल, तर तुह्या हाडांची दहा-बारा वर्षं आधीच गेली. ज्यांनी तुला तेव्हा काही सांगितलं नाही त्यांच्यावर रागाव, जरूर रागाव. पण त्या रागापायी आताची तपासणी चुकवलीस, तर त्यांच्या चुकीची किंमत दुसऱ्यांदा तूच मोजशील.

आत्या: (थोडं थांबून) हे मला आजवर कुणी जोडून सांगितलं नव्हतं.

भाची: आणि आजीचं आठव. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला.

आत्या: मह्या आईचं मी विसरीन का? चार महिने अंथरुणात होती. पाठीला जखमा झाल्या. शेवटी न्यूमोनियानं गेली. लोक म्हणाले म्हातारी पडली आणि गेली. तिची वेळ आली होती.

भाची: लोक असंच म्हणतात. अनेक देशांतल्या नोंदी सांगतात की खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात दगावतं. जी जगतात त्यांतल्या पुष्कळांना पूर्वीसारखं चालता येत नाही. आणि आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल तर मुलांचा धोका वाढतो. डॉक्टर दहा वर्षांतला धोका काढतात, तेव्हा हा प्रश्न मुद्दाम विचारतात. तू शिबिरात हे सांगितलं होतंस?

आत्या: विचारलं कुणी? नाव, वय, मोबाइल नंबर, झालं. बरं, समज, मोठ्या मशीनमध्येही खराब निघालं. मग काय? जन्मभर गोळ्या. आणि गोळ्यांनी जबडा सडतो, असं शेजारची सांगत होती. खरं सांग, फायदा किती आणि तोटा किती? मला घुमवून सांगू नकोस.

भाची: आकडेच सांगते. ॲलेंड्रोनेट नावाची जुनी गोळी आहे. १९९६ मध्ये तिचा एक मोठा अभ्यास छापून आला. आधीच मणका मोडलेल्या दोन हजारांवर बायांना तीन वर्षं गोळी किंवा नुसती साखरेसारखी बिनऔषधी गोळी दिली. बिनऔषधी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या १५ जणींचा मणका नव्यानं मोडला, औषध घेणाऱ्या शंभरातल्या ८ जणींचा. खुबा मोडणाऱ्या शंभरात साधारण दोन होत्या, त्या एकवर आल्या. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड असतं. त्याच्या २००७ च्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले.

आत्या: म्हणजे गोळी घेऊनही शंभरातल्या आठ जणींचा मोडतोच.

भाची: हो. गोळी म्हणजे हमी नव्हे. धोका जवळपास निम्मा होतो, एवढंच. आणि ज्याचा धोका मुळातच कमी आहे त्याला फायदाही कमी. म्हणून सरसकट सगळ्यांना गोळ्या वाटायच्या नसतात, आधी धोका नीट मोजायचा असतो.

आता तोटा. जबड्याच्या हाडाचा त्रास खरा आहे, पण हाडांसाठीच्या मात्रेत तो फार विरळा. दहा हजारांत वर्षाला एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. दात काढायचा असेल तर औषध सुरू करण्याआधी काढून घ्यायचा. बरीच वर्षं गोळी घेतली तर मांडीचं हाड वेगळ्याच जागी तडकण्याचा थोडा धोका असतो. म्हणून मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं आलं तर सांगायचं. आणि जन्मभर घ्यायचीच असं नाही. साधारण पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा तपासतात आणि धोका उतरला असेल तर काही काळ थांबवतातही.

आत्या: घ्यायची कशी? बीपीच्या गोळीसारखी चहाबरोबर?

भाची: नाही, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आठवड्याचा एक वार ठरवायचा. सकाळी उठल्यावर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर औषध अंगी लागत नाही. नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते, व्रणही होऊ शकतो. मूत्रपिंडं फार कमजोर असतील, रक्तात कॅल्शियम कमी असेल किंवा गिळायला त्रास असेल, तर ही गोळी चालत नाही. म्हणून सुरू करण्याआधी रक्ततपासणी हवी. क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉईड. हाडं विरळ होण्यामागे कधी दुसराच आजार लपलेला असतो. तो पकडल्याशिवाय गोळ्या सुरू करणं बरं नाही.

आणखी एक नाव ऐकून ठेव. डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी देतात. औषध चांगलं आहे. पण मध्येच बंद केलं तर धरून ठेवलेली झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके मोडू शकतात. कुणी ते सुचवलं तर पुढची तारीख चुकणार नाही याची सोय आहे का, हे आधी विचारायचं. आपल्या गावाकडून वेळेवर जाणं होईल का, याचा विचार डॉक्टरांनीही करायला हवा.

आत्या: गुडघ्यासाठी मी एका माणसाकडून पुड्या आणते. दोन दिवसांत आराम पडतो. त्याचं काही आहे का?

भाची: आहे, आत्या, फार मोठं आहे. इतक्या झटपट आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. स्टेरॉइड तीन महिन्यांहून जास्त पोटात गेलं तर हाडं पोखरतं. किती वर्षं घेतेस ते डॉक्टरांना सांगायचं, आणि उरलेल्या पुड्या सोबत न्यायच्या. एकदम बंद मात्र करू नकोस. बऱ्याच काळाच्या स्टेरॉइडची शरीराला सवय झालेली असते, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. आणि तुझी मिसरी. ती तंबाखूच, आणि तंबाखू हाडांना मारक आहे.

आत्या: मिसरीवर तू येणारच, मला माहीत होतं. बरं, मी म्हणते, औषधापेक्षा खाण्यापिण्यानं का नाही भरून काढायचं? घरी म्हैस आहे, बाहेर ऊन आहे.

भाची: म्हैस आहे, पण दूध कुठं जातं? सकाळचं डेअरीला, घरात चहापुरतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये सांगितलंय, पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पेलाभर म्हशीच्या दुधात साधारण अडीचशे मिळतं. ज्वारी चांगली आहे, पण शंभर ग्रॅम ज्वारीत तीस मिलिग्रॅमही नसतं. भाकरी, पातळ वरण आणि ठेचा यांवर ते भरत नाही. रोज एक पेला दूध तुह्या वाट्याला, एक वाटी दही, दोन चमचे तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची किंवा राजगिऱ्याची भाजी. नाचणी आपल्या रानात पिकत नाही, पण दुकानात मिळते. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या वर कॅल्शियम असतं, पिठात मिसळ. इतकं करून जे कमी पडेल तेवढ्यापुरतीच गोळी.

आणि ऊन? कापूस वेचताना तुह्या अंगावर लुगडं, वरून पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, तोंडाला पदर. उन्हात दिवसभर, पण कातडीला ऊन लागतं ते बोटांपुरतं. त्यातून वय झालं की कातडी ड जीवनसत्त्व कमी बनवते. तपासून कमी निघालं तर साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर देतील तितकेच आठवडे घ्यायची. मनानं वर्षभर घेतली तर तीही विषारी ठरू शकते.

खाणंपिणं नीट हवंच, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण हाड बरंच विरळ झालेलं असेल तर नुसतं खाणंपिणंही पुरत नाही. दोन्ही लागतं.

आत्या: आणि पडलेच नाही तर? तुझं सगळं गणित पडण्यावर उभं आहे.

भाची: अगदी बरोबर. पडू न देणं हेसुद्धा औषधच आहे, आणि त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. रात्री लघवीला उठतेस तेव्हा अंगणातून अंधारात जातेस. तिथं दिवा हवा, उशाशी बॅटरी हवी. न्हाणीतली फरशी खरखरीत करायची, भिंतीला धरायला दांडा ठोकायचा. म्हशीचं दावं पायवाटेवर पडू द्यायचं नाही. झिजलेली चप्पल फेकायची. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तो काढून घ्यायचा. झोपेची गोळी आणि बीपीची गोळी यांनी चक्कर येते का, ते विचारायचं. रोज भिंतीला धरून एका पायावर थोडा वेळ उभं राहायचं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं. सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे २०२४ पासूनची. पासष्टीच्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या माणसाला काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी तीन हजार रुपये खात्यात मिळतात. तू त्यात बसतेस का, ते बघू.

आत्या: आता खरं बोलू? मला गोळीची भीती नाही, जबड्याचीही नाही. मला पोराला सांगायचंच नाही. सोयाबीनला भाव नाही, नातीच्या कॉलेजची फी भरायची आहे. त्याच्यावर मी अजून एक खर्च घालू? जालन्याला जा, संभाजीनगरला जा, रांगा लावा. माझं किती राहिलंय? जे पैसे आहेत ते नातीला लागू दे.

भाची: मला वाटलंच होतं, खरं कारण हे असेल. मग खर्चाचंच बोलू. पहिलं पाऊल फुकट आहे. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात पाठीच्या मणक्याचा एक्स-रे काढायचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्या एक्स-रेत मणका दबलेला दिसला, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. कारण मोठा मार न लागता मोडलेला मणका हाच हाड विरळ झाल्याचा पुरावा धरतात. डेक्सा कुठं चालू आहे आणि किती घेतात, ते मी फोन करून आधी विचारते, उगाच खेटे नकोत. एसटीत बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ॲलेंड्रोनेट ही आता जेनेरिक गोळी आहे, जनऔषधी केंद्रात विचारू.

आता दुसरी बाजू मांड. खुबा मोडला तर ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. पण पुढचे सहा महिने तुझी धार कोण काढणार? सूनबाईची मजुरी बुडेल, पोराच्या चकरा होतील, नातीचा अभ्यास तुह्या उशाशी बसून होईल. आजीच्या वेळी घरातलं कोण किती दिवस अडकलं होतं, ते तू पाहिलंस. नातीसाठी पैसे वाचवायचे असतील, तर तू चालती राहणं ही त्या घरातली सगळ्यात मोठी बचत आहे.

आत्या: तू बोलतेस ते पटतं. पण कागद हातात घेऊन मी एकटी त्या रुग्णालयात गेले, तर कुठल्या खिडकीत जायचं ते मला कळत नाही. तिथली पोरगी विचारते, काय होतंय? मी म्हणते, काही होत नाही. ती म्हणते, मग कशाला आल्या? एकदा असं झालं की पुन्हा पाय उचलत नाही.

भाची: हे तू बोललीस ते फार मोलाचं आहे. परदेशातही नेमकं हेच दिसलंय. अमेरिकेत डेक्सा केलेल्या साडेसात हजारांहून जास्त लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना त्यांच्या आकड्याचा अर्थ समजावणारं पत्र आणि माहितीपत्रक घरी पाठवलं. तरी योग्य औषधोपचार घेणाऱ्यांचं प्रमाण फारसं हललं नाही. इंग्लंडमध्ये सत्तर ते पंच्याऐंशी वर्षांच्या साडेबारा हजार बायांवर दुसरा प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. त्यात धोका मोजला, जास्त धोका असलेल्यांना कळवलं आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरलाही कळवलं की हिला उपचार सुरू करा. तिथे खुबा मोडण्याचं प्रमाण शंभरात साडेतीनवरून २.६ वर आलं. बाकीचे फ्रॅक्चर फारसे कमी झाले नाहीत, पण खुबा वाचला. दोन्हींतून मी एवढंच शिकले की नुसता कागद माणसाला उठवत नाही. कागदाच्या पुढे कुणीतरी उभं असावं लागतं.

आत्या: मग तू उभी राहतेस?

भाची: राहते. सुट्टीच्या दिवशी मी येते.

आत्या: तर मह्या अटी ऐक. एक, पहिल्याच दिवशी कुणी इंजेक्शन म्हटलं तर मी घेणार नाही. आधी एक्स-रे, मग रक्त, मग मोठं मशीन, मग औषध. दोन, डॉक्टर जे सांगतील ते सूनबाईसमोर सांगायचं आणि मराठीत लिहून द्यायचं. तीन, मह्या पिशवीच्या ऑपरेशनचं तू विचारायचंस, मला लाज वाटते. चार, औषध नको असं डॉक्टर म्हणाले तर तूही हट्ट करायचा नाहीस.

भाची: चारही मान्य. चौथी तर मला आधीच मान्य होती. तुला गोळी गिळायला लावण्यासाठी मी आलेच नाही. काय आहे आणि काय नाही, हे तुला नीट समजावं म्हणून आले.

आत्या: आणि दूध?

भाची: आजपासून एक पेला तुझा. डेअरीला तेवढं कमी जाईल.

त्या दोघींचं बोलणं इथे संपतं. मला जे सांगायचं आहे ते त्या घरातल्या इतरांना आणि शिबिरं भरवणाऱ्यांना आहे.

म्हातारी माणसं ऐकत नाहीत, अशी तक्रार आपण सहज करतो. आत्याची चारही कारणं नीट पाहा. दुखत नाही, म्हणून आजार नाही असं तिला वाटतं. ज्यानं तपासलं त्यालाच विकायचं होतं. तरुणपणी भीती घालून तिचं शरीर कापलं गेलं. आणि आज तिला पोरावर ओझं व्हायचं नाही. यातलं एकही कारण हट्टाचं नाही. दरडावून, ओरडून किंवा आकड्याची भीती दाखवून यातलं काहीच सुटत नाही. पहिल्याला नीट माहिती लागते. दुसऱ्याला दुसरा, काही न विकणारा डॉक्टर लागतो. तिसऱ्यासाठी जुन्या अन्यायाची कबुली द्यावी लागते. चौथ्यासाठी घरातल्या कमावत्या माणसानं स्वतःहून म्हणावं लागतं, आई, उद्या मी सुट्टी काढतो, आपण जाऊन येऊ.

शिबिर भरवणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा ठेवायला हवी. टाचेचा आकडा ही प्राथमिक चाळणी आहे, हे कागदावर मराठीत ठळक छापा. खाली तीन ओळी लिहा: पुढे कुठं जायचं, कोणत्या वारी, सोबत काय न्यायचं. पाळी कधी गेली, पिशवी काढली का, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, पुड्या घेता का, उंची कमी झाली का, हे पाच प्रश्न मशीन लावण्याआधी विचारा. तपासणीच्या टेबलावर गोळ्या विकायला ठेवू नका. धोका जास्त निघालेल्यांची यादी त्या गावच्या आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्राकडे द्या, आणि महिन्याभरानं किती जण पुढे गेले ते मोजा. किती जणांची तपासणी केली याचे फोटो आपण पाहतोच. किती जणांचं पुढचं पाऊल पडलं, हा आकडा जे शिबिर सांगू शकेल तेच उपयोगाचं.

आणि ज्यांच्या घरात असा कागद पडून आहे त्यांनी या आठवड्यात एवढं करावं. पिशवीतून कागद काढा. आईची, आत्याची, वडिलांची उंची भिंतीशी उभं करून मोजा आणि पूर्वी किती होती ते विचारा. वडिलांचीही, कारण पुरुषांची हाडंही विरळ होतात, त्यांच्याकडे फक्त कुणी पाहत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि पुड्या एका पिशवीत भरा. मग दवाखान्याचा वार विचारून घ्या आणि त्या वारी त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः जा.